शेक आठवडाभर चुकला तर काय बिघडतं?

रामबागेतल्या एका ओळखीच्या मुलीने परवा मला दोन प्रश्न लिहून पाठवले. ती होळकर कॉलेजात गणितात एम.एस्सी. करते आहे. वडिलांना जिभेचा कॅन्सर झाला आहे. रेडिएशनचे पस्तीस शेक ठरलेत, त्यातले मंगळवारपर्यंत बावीस झाले. पहिला प्रश्न असा: ‘काकू, पुढच्या गुरुवारी बुऱ्हाणपूरला आत्तेभावाचं लग्न आहे. घरचे म्हणतात, आठवडाभर शेक थांबवू, परत आल्यावर उरलेले घेऊ, शेवटी पस्तीसच तर व्हायचेत. यात खरंच काही बिघडतं का?’ दुसरा: ‘कॅन्सरच्या वाढीची गणिती मॉडेलं असतात असं मी वाचते. मग बाबांचं पुढे नेमकं काय होणार, हे कुणी का सांगत नाही?’

मी इंदूरमध्ये सव्वीस वर्षं मेडिकल फिजिसिस्ट आहे. डोस डॉक्टर ठरवतात. तो यंत्रातून रुग्णाच्या नेमक्या जागी नेमका पोचतो की नाही, हे बघणं माझं काम. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: बिघडतं. आणि बावीस शेक झाल्यावर खाडा पडला, तर पहिल्या आठवड्यातल्या खाड्यापेक्षा जास्त बिघडतं. आता का, ते सांगते. तू गणिताची आहेस, तेव्हा आकडे गाळत नाही.

माझ्या आजीच्या तोंडी ‘दामदुप्पट’ हा शब्द असायचा. सावकाराचं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, असा आपल्याकडचा जुना दंडक. पेशींना असा कुठलाच दंडक नाही. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असं दहा वेळा दुप्पट झालं की हजाराच्या वर, वीस वेळा झालं की दहा लाखांच्या वर, तीस वेळा झालं की शंभर कोटींच्या वर. शंभर कोटी पेशी म्हणजे साधारण एक सेंटीमीटरची, एक ग्रॅम वजनाची गाठ. म्हणजे बोटाला लागते किंवा स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते, तोवर तिच्या तीस दुपटी होऊन गेलेल्या असतात. अजून दहा दुपटींत तीच गाठ एक किलोची होईल, आणि तिथवर सहसा कुणी जगत नाही. ‘महिन्याभरात एवढी कशी वाढली हो?’ असं नातेवाईक विचारतात, तेव्हा मला हेच सांगायचं असतं. ती महिन्याभरात वाढलेली नसते. आपल्याला दिसला तो तिच्या आयुष्याचा शेवटचा चतुर्थांश.

खरी गाठ मात्र इतक्या सरळ हिशेबाने वाढत नाही. बेंजामिन गॉम्पर्ट्झ नावाच्या विमा-गणितज्ञाने १८२५ साली वय वाढतं तसा मृत्यूचा दर कसा चढत जातो, याचं सूत्र मांडलं होतं. विम्याचे हप्ते ठरवायचं ते सूत्र जवळपास एकशे चाळीस वर्षांनी, १९६४ मध्ये, अ‍ॅना लेअर्ड यांनी गाठींच्या वाढीला लावून पाहिलं, आणि ते चांगलं बसलं. लहान गाठ भरभर वाढते, मोठी होईल तशी मंदावते. कारण समजायला सोपं आहे. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाइतकं दूर गेलं की प्राणवायू पोचत नाही. गाठीच्या पोटातल्या पेशी उपाशी राहतात, विभाजन थांबवतात, मरतात.

आता गळक्या हौदाचा विचार कर. तोंड-घशाच्या कॅन्सरची गाठ आकाराने दुप्पट व्हायला साधारण सहा-आठ आठवडे घेते. पण तिच्यातल्या पेशींची दुप्पट होण्याची मूळ ताकद चार-पाच दिवसांची असते. हौदात नळ जोरात सोडलेला आहे, पण तळाला भगदाड आहे. नव्या झालेल्या बहुतेक पेशी मरून जातात, म्हणून पातळी हळू चढते. हे भगदाड लक्षात ठेव, पुढे सगळं त्यावरच आहे.

आता शेक. एक शेक म्हणजे साधारण दोन ग्रे; ग्रे हे किरणांच्या डोसचं माप. त्यात ठरावीक संख्येने पेशी मरत नाहीत, ठरावीक वाटा मरतो. औषधांच्या बाबतीत हेच हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांच्या ल्युकेमियावर १९६४ मध्ये दाखवलं होतं: पेशी लाख असोत की शंभर, एका मात्रेत मरणारा वाटा तोच. दोन ग्रेला निम्म्या पेशी वाचतात, असं हिशेबापुरतं धर. हा आकडा सत्यापासून फार दूर नाही. मग शंभर कोटी पेशींची गाठ तीस शेकांनंतर सरासरी एका पेशीवर येते. वर जाताना तीस दुपटी, खाली येताना तीस निमपटी. पहिल्यांदा हा हिशेब कागदावर केला, तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले होते.

पण सरासरी एक पेशी उरली म्हणजे रुग्ण बरा झाला का? इथे पॉयसाँ वितरण, म्हणजे विरळ घटनांची शक्यता काढायचं सूत्र, कामाला येतं. सरासरी एक उरत असेल, तर एकही न उरण्याची शक्यता ३७ टक्के. आणखी तीन शेक दिले, तेहतीस झाले, की सरासरी एक अष्टमांश उरते आणि शक्यता ८८ टक्क्यांवर जाते. पस्तीस झाले की ९७. उलट अठ्ठावीसवर थांबलं, तर जेमतेम २. तुझ्या बाबांचे अठ्ठावीस शेक होतील, तेव्हा गाठ बहुधा दिसतही नसेल. नेमक्या याच टप्प्यावर लोक म्हणतात, ‘आता बरं दिसतंय, बास झालं.’ दिसण्यात फरक पडला तो पहिल्या काही निमपटींमुळे. बरं होणं ठरतं ते शेवटच्या पाच-सात शेकांत. (खऱ्या रुग्णसमूहात ही चढण इतकी उभी नसते, कारण प्रत्येकाची गाठ वेगळी. पण चढण असते, आणि ती शेवटाकडेच असते.)

यात मी अजून एक गोष्ट धरलेली नाही: शेक चालू असताना पेशी वाढतही असतात. रॉडनी विदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये डोक्या-मानेच्या (तोंड-घसाही त्यातच) कॅन्सरचे ठिकठिकाणचे प्रसिद्ध निकाल एकत्र मांडले आणि विचारलं: उपचार जितके लांबले, तितका बरं करायला डोस जास्त लागला का? पहिले साधारण चार आठवडे फारसा फरक नव्हता. त्यानंतर मात्र लांबलेल्या दर दिवसामागे सुमारे ०.६ ग्रे जास्त लागत होता. भगदाड बुजलं होतं. गाठ आकसली, उरलेल्या पेशींना रक्तपुरवठा मिळू लागला, मरणाऱ्या कमी झाल्या, आणि चार दिवसांत दुप्पट व्हायची ती मूळ ताकद उघडी पडली.

०.६ ग्रे रोज म्हणजे सव्वातीन-साडेतीन दिवसांत दोन ग्रे, म्हणजे एक शेक. सात दिवस घरी बसलं की दोन शेक धुऊन गेले. कार्डावर पस्तीस खुणा पडतील, पण गाठीच्या हिशेबात तेहतीसच. आपल्या कागदी गाठीत ९७ चे ८८ झाले. आणि हे फक्त कागदावरचं नाही. घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांचे ठिकठिकाणचे अहवाल तपासून जॅक फाउलर आणि मेरी लिंडस्ट्रॉम यांनी १९९२ मध्ये जे मांडलं, त्यात उपचार एक आठवडा लांबला की गाठ आटोक्यात येण्याचं प्रमाण मध्यमानाने सुमारे १४ टक्क्यांनी घटत होतं. कुठे कमी, कुठे जास्त, पण घट होतीच.

उलट बाजूनेही हे तपासलं गेलं. वेळ खरोखर महत्त्वाची असेल, तर तेवढाच डोस लवकर संपवल्याने फायदा व्हायला हवा. डेन्मार्कमध्ये आठवड्याला पाचऐवजी सहा शेक देऊन पाहिले. एकूण डोस तोच, फक्त उपचार एक आठवडा आधी संपले. २००३ मध्ये निकाल आला: गाठ आटोक्यात राहण्याचं प्रमाण पाच वर्षांनी ६० च्या जागी ७० टक्के. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने विकसनशील देशांतल्या रुग्णालयांत तोच प्रयोग केला, तिथे ३० च्या जागी ४२. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, फक्त आठवड्याला एक शेक जास्त. सूत्रातून निघालेली कल्पना माणसांच्या जगण्यात उतरल्याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

हे मी पुस्तकातच शिकले असं नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, मी होते त्या रुग्णालयातलं शेक द्यायचं कोबाल्टचं यंत्र ऐन उन्हाळ्यात बंद पडलं, ते नऊ दिवस बंदच राहिलं. बडवानी, खरगोन, झाबुआहून आलेली माणसं धर्मशाळेत बसून होती. बायका पायरीवर बसून रोज एकच विचारायच्या, ‘मशीन चालू हुई क्या?’ दुरुस्ती होईपर्यंत मी एकेक कार्ड काढून हिशेब करत होते: कुणाचे किती शेक झाले, अठ्ठाविसावा दिवस ओलांडला का, कुणाच्या मज्जारज्जूवर किती डोस गेला. यंत्र सुरू झाल्यावर सगळ्यांना सारखी भरपाई देणं शक्य नव्हतं. तोंड-घशाचे आणि गर्भाशयमुखाचे रुग्ण आधी घेतले, त्यांना दिवसातून दोन शेक दिले. दोन्हींत कमीत कमी सहा तासांचं अंतर ठेवायचं, कारण निरोगी पेशींना आपलं तुटलेलं डीएनए सांधायला तेवढा वेळ लागतो. हाडाच्या दुखण्यासाठी शेक घेणारे थांबू शकत होते, ते थांबले. एका म्हाताऱ्या आजोबांनी स्वतःचा नंबर एका तरुण मुलाला दिला होता. तो पिवळ्या कार्डांचा गठ्ठा अजून माझ्या डोळ्यांपुढे येतो. कुणी रंगपंचमीची गेर (मिरवणूक) बघायला म्हणून दोन दिवस मागते, तेव्हा मी ‘नाही’ का म्हणते, ते तिथून आलेलं आहे.

निरोगी पेशींचा उल्लेख आला, तर शेक रोज थोडा-थोडा का देतात तेही सांगते. डीएनएचे दोन्ही धागे एकाच फटक्यात तुटले, तर तो परिणाम डोसच्या प्रमाणात असतो. दोन वेगळ्या फटक्यांनी मिळून तुटले, तर डोसच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून जगण्याचा वाटा e चा घात, वजा अल्फा-डी, वजा बीटा-डी-वर्ग. यात डी म्हणजे एका शेकाचा डोस; अल्फा आणि बीटा हे त्या-त्या पेशींचे ठरावीक आकडे. अल्फा भागिले बीटा हे गुणोत्तर बहुतेक तोंड-घशाच्या गाठींत दहाच्या आसपास, आणि उशिरा परिणाम दिसणाऱ्या निरोगी ऊतींत तीनच्या आसपास धरतात. गुणोत्तर जितकं लहान, तितका मोठा एकेरी डोस जास्त बाधतो. म्हणून तुकडे केले की गाठीपेक्षा मज्जारज्जू आणि जबड्याचं हाड जास्त वाचतं. तुझ्या बाबांच्या उपचारांचं सात आठवड्यांचं वेळापत्रक या एका गुणोत्तरावर उभं आहे.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये याच गणिताने उलटी वाट दाखवली. तिथे गाठीचं गुणोत्तरही तीन-चारच्या जवळ निघालं, म्हणजे तुकडे करून गाठीच्या तुलनेत विशेष काही वाचत नाही. मग मोठे आणि कमी शेक का देऊ नयेत? पूर्वी ५० ग्रे पंचवीस शेकांत देत. ब्रिटनमधल्या चाचण्यांनी ४० ग्रे पंधरा शेकांत तितकंच चांगलं ठरवलं, आणि २०२० मध्ये २६ ग्रे पाच शेकांत, एका आठवड्यात, हेही पाच वर्षांच्या निकालांत कमी पडलं नाही. गुणोत्तर तीन धरून, दोन-दोन ग्रेच्या शेकांत तेवढाच परिणाम व्हायला किती डोस लागेल असं मांडलं, तर हे अनुक्रमे ५०, साधारण ४५ आणि साधारण ४३ ग्रे येतात. सूत्र म्हणतं डोस कमी पडला, रुग्णांचे निकाल म्हणतात पडला नाही. वेळ कमी लागल्याचा त्यात काही वाटा असावा, असं मला वाटतं. पण अलीराजपूरहून आलेल्या बाईला पाच आठवडे धर्मशाळेत राहायचं की तीन, यावर ती उपचार पुरे करेल की अर्धे सोडेल हे ठरतं. त्या दृष्टीने ही बेरीज-वजाबाकी माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

केमोथेरपीतही घड्याळ आहेच. लॅरी नॉर्टन आणि रिचर्ड सायमन यांनी १९७७ मध्ये गॉम्पर्ट्झच्या वक्रावरून सांगितलं, की औषधाने लहान झालेली गाठ दोन मात्रांच्या मधल्या काळात वेगाने भरून येते, तेव्हा मधलं अंतर कमी करा. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तीनऐवजी दोन आठवड्यांनी केमो देण्याची मोठी अमेरिकन चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि अंदाज खरा ठरला. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं असल्यामुळेच ते झेपलं, हेही खरं.

सगळी मॉडेलं मात्र जिंकली नाहीत, आणि हे तुला माहीत असायला हवं. जेम्स गोल्डी आणि अँड्र्यू कोल्डमन यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की गाठ जितकी मोठी, तितकी औषधाला दाद न देणारी पेशी तिच्यात आधीच असण्याची शक्यता जास्त. हे बरोबर होतं, आजही आहे. त्यावरून निघालेला सल्ला असा, की दोन वेगवेगळी औषधं आलटून-पालटून द्या. मिलानमध्ये बोनादोना यांच्या गटाने ते करून पाहिलं: आलटून-पालटून दिलेल्यांपेक्षा आधी एक पूर्ण आणि मग दुसरं, असं दिलेल्या रुग्णांची गत चांगली झाली. गृहीतक सुंदर असणं पुरत नाही. रुग्णांवरच्या चाचणीत उतरेपर्यंत मी कुठल्याही सूत्राला उपचार म्हणत नाही.

याच प्रतिकाराच्या गणितातून अलीकडे एक वेगळी वाट निघाली आहे. फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरचे रॉबर्ट गेटनबी यांनी प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये अबिरॅटेरोन हे औषध सतत न देता, पीएसए (रक्तातली या आजाराची खूण) निम्म्यावर आला की थांबवायचं, पुन्हा मूळ पातळीला पोचला की सुरू करायचं, असं ठरवलं. शिकारी-सावजाच्या समीकरणांच्या कुळातलंच मॉडेल: औषधाला बधणाऱ्या पेशी थोड्या जिवंत ठेवल्या, तर त्या न बधणाऱ्यांना जागा मिळू देत नाहीत. २०१७ मधल्या पहिल्या अहवालात फक्त अकरा रुग्ण होते, पण आजार पुन्हा उसळायला लागलेला काळ लांबला आणि औषध निम्म्याहून कमी लागलं. हे वाचून कुणीही घरच्या घरी गोळ्या बंद करू नयेत. तिथे प्रत्येक थांबा रक्ततपासणीच्या आकड्यावर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता. शिवाय तुझ्या बाबांच्या उपचारांचं उद्दिष्ट आजार थोपवून धरणं हे नाही, तो पूर्ण काढणं हे आहे. तिथे थांब्याला जागा नाही.

आता दुसरा प्रश्न. एका शेकात निम्म्या पेशी वाचतात असं मी धरलं. समजा एखाद्याच्या गाठीत निम्म्याऐवजी ०.४ वाचतात आणि दुसऱ्याच्या ०.६. फरक क्षुल्लक वाटतो. पस्तीस घात करून बघ. पहिल्याच्या शंभर कोटी पेशींतून सरासरी एक लाखांशाच्या आसपास पेशी उरते, म्हणजे तसे लाखभर रुग्ण घेतले तर त्यांच्यात मिळून एखादी. दुसऱ्याच्या सतरा उरतात. एकाचा आजार गेला, दुसऱ्याचा परत येणार, आणि दोघांच्या बायॉप्सीचा रिपोर्ट एकसारखा असू शकतो. बाबांच्या गाठीचा तो आकडा मोजण्याची भरवशाची सोय रोजच्या कामात आपल्याकडे नाही. वाढीचा वेग काढायला दोन तारखांचे स्कॅन लागतील, आणि आपल्याकडे उपचारांआधीचा एकच आहे. एका बिंदूतून कितीही रेषा जातात, हे मी तुला काय सांगणार! डॉक्टर सांगत नाहीत ते लपवायचं म्हणून नाही. शंभर जणांबद्दल हे गणित खात्रीने बोलतं. एकाबद्दल विचारलं, तर फक्त त्याची बाजू जड कशी करायची, एवढंच सांगतं.

ती बाजू आता तुमच्या हातात आहे. बाबांचं कार्ड काढ आणि पहिल्या शेकाची तारीख बघ. सोमवारी सुरू होऊन मंगळवारी बावीस झाले असतील, तर तो तिसावा दिवस. म्हणजे अठ्ठाविसावा दिवस, जिथून खाडा महाग पडू लागतो, मागे पडला आहे. आधी एखादी सुट्टी किंवा खाडा झाला असेल, तर तोही टिपून ठेव आणि त्याची भरपाई झाली का, ते विचार.

लग्नाचं असं करता येईल. पुढच्या आठवड्यात सोमवार, मंगळवार, बुधवार शेक घ्यायचेच. बुधवारी सकाळचा नंबर मागून घे, दुपारी गाडी काढलीत तर रात्रीपर्यंत बुऱ्हाणपूर. गुरुवारी मुहूर्त झाला की पंगतीला न थांबता निघा, तसंही बाबांना सध्या पातळ खिचडी आणि दूध याखेरीज काही गिळवत नसेल. शुक्रवारी शेक. गुरुवारचा बुडालेला शेक शनिवारी देता येईल का, ते आजच विभागात विचार. आयत्या वेळी विचारलंस तर यंत्राची वेळ मिळणार नाही. शनिवारी यंत्र चालणार नसेल, तर शुक्रवारी सकाळ-संध्याकाळ दोन घेता येतात, पण मग त्यांना गुरुवारी रात्रीच परतावं लागेल. सिस्प्लॅटिनचा, म्हणजे केमोच्या औषधाचा, वार कुठला, तेही बघून ठेव. आणि तोंडाच्या या अवस्थेत इतका प्रवास झेपेल का, हे डॉक्टरांनी तपासून सांगू दे. ते नको म्हणाले, तर आई आणि तू जाऊन या. बाबांबरोबर शेकाला मी जाईन.